तिखट सोडलेली जीभ

नोकरीभर मी वाइन तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. हे सांगितलं की भुसावळचे नातेवाईक हसतात आणि धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत तर कोणी विश्वासच ठेवत नाही. "एवढी वर्षं वायनरीत काढली आणि प्यायला नाहीत? सोडा हो, सपकाळे!" असं म्हणून लोक डोळा मारतात. आता निवृत्त झालोय, खोटं बोलून मला काय मिळणार?

दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा द्राक्षांवर लिहावं, ओकच्या पिंपांवर लिहावं, असं ठरवून बसलो. दोन पानं लिहून फाडली, कारण प्रत्येक परिच्छेदात वायनरीतल्या देवरे मॅडम येऊन उभ्या राहायला लागल्या. तेव्हा म्हटलं, सरळ त्यांच्याबद्दलच लिहू. या बाईंवर मी मनापासून जळलो. ऑफिसात लोक बढतीवरून जळतात, खुर्चीवरून जळतात. मी त्यांच्या नाकावरून जळलो.

आमची वायनरी पिंपळनेरच्या अलीकडे, एका टेकाडाच्या पोटाशी. मालक म्हणजे आबा. घरचा कांदा आणि द्राक्षं, हातात चार पैसे खेळायला लागल्यावर वाइन करायची हौस आली. धुळ्याहून कंपनीची जीप सकाळी आम्हाला घेऊन यायची आणि संध्याकाळी परत सोडायची. मी मूळचा भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, मायक्रोबायॉलॉजी शिकलेला. वडील लोको शेडमध्ये होते. रोज सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. मला वायनरीत नोकरी लागली हे कळल्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पंचशील रोज म्हणतोस. पाचवं शील कोणतं?"

"मद्यपान करणार नाही," मी म्हणालो. "बाबा, मला प्यायची नाहीये. चाखायची आणि थुंकायची."

"तोंडात घेतलं ते घेतलंच."

"गिळणार नाही. शब्द देतो."

तो शब्द मी पाळला. बाबा गेल्यावरही पाळला.

चाखणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना एकदा सांगून टाकतो. पेल्यात दोन बोटं वाइन घ्यायची, पांढऱ्या कागदावर तिरपी धरून रंग बघायचा. मग पेला गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो, आणि नाक पार आत घालायचं. मग एक घोट घ्यायचा, तो तोंडभर फिरवायचा, ओठांतून थोडी हवा आत ओढायची आणि थुंकायचं. थुंकल्यावर खरी परीक्षा. चव किती वेळ मागे राहते, गोड जाते की कडू, जिभेच्या कडा आखडतात की नाही. नव्या लाल वाइनने तोंड आवळून येतं, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. काही वाइनमध्ये तो वर्षांनुवर्षं बाटलीत पडून मऊ होत जातो आणि आत दडलेल्या गोष्टी वर येतात. बहुतेक वाइनमध्ये मात्र काही येत नाही, ती नुसती म्हातारी होते. कोणती सुधारेल आणि कोणती म्हातारी होईल, हे आधी ओळखणं म्हणजे आमचा धंदा. आमच्याकडे बघायला येणाऱ्यांना यातलं काही नको असायचं. पारोळ्याचे एक गृहस्थ पूर्ण माहिती शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "ते बठ्ठं बरोबर शे भाऊ. पन किती चढस?"

नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला शिकवायला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी सांगितलं, जीभ हे तुमचं हत्यार आहे, तिला जपा. मिरची नाही, मसाला नाही, उकळता चहा नाही. मी ते ब्रह्मवाक्य मानलं. खान्देशात जन्मलेल्या माणसाने तिखट सोडायचं, हे काय असतं ते इथल्यांनाच कळेल. शेवभाजी गेली, ठेचा गेला, काळ्या मसाल्याचं वरण गेलं. हिवाळ्यात आबांच्या शेतावर भरीत पार्टी व्हायची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, आगीवर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्यांबरोबर लाकडी बडगीत ठेचायची, शंभर माणसं पंगतीला. त्या पंगतीत मी एकटा दहीभात घेऊन बसायचो. वाढपी पुढे सरकताना म्हणायचा, "पेशंटले दही वाढा रे." बायको, कल्पना, घरी माझं पातेलं वेगळं लावायची. सुरुवातीला कौतुकाने लावायची, नंतर आदळून.

मला मात्र अभिमान होता. एवढं सोडलं म्हणजे एवढं मिळणारच, असा माझा हिशेब होता.

आणि मग देवरे मॅडम आल्या. शिक्षण माझ्याइतकंच, वयाने थोड्या लहान. सासर धुळ्याचं, माहेर पिंपळनेरचं. लॅबमध्ये स्वच्छ मराठी, पण मनातलं बोलायचं झालं की अहिराणी. पहिल्याच दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वाटीभर हिरव्या मिरचीचा ठेचा, वरून कच्चं तेल. वासानेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सौजन्याने म्हणालो, "मॅडम, तीन वाजता आपल्याला पिंपं चाखायची आहेत."

"हो, भाऊ. म्हणून आज जरा कमीच आणलाय."

तीन वाजता आम्ही ओळीने पिंपं चाखत गेलो. एका पिंपापाशी त्या थांबल्या, पुन्हा वास घेतला आणि म्हणाल्या, "यात काहीतरी बिघडायला लागलंय. पेंढ्याखाली उंदीर मेल्यासारखा वास आहे, अगदी बारीक." मला काही लागलं नव्हतं. मी पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. काही नाही. तपासणीत त्यांचं खरं निघालं. पिंप वेळेवर बाजूला काढता आलं म्हणून आबांनी दोघांचंही कौतुक केलं. मी हसून मान हलवली आणि जीपमध्ये धुळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. ठेचा खाणाऱ्या बाईला उंदीर कळला आणि दहीभात खाणाऱ्याला नाही, हे कुठल्या न्यायात बसतं?

पुढे त्यांनीच एकदा मला समजावलं. "भाऊ, चव नाकात असते. सर्दी झाली की कांदा आणि सफरचंद सारखंच लागतं ना? जिभेला बिचारीला गोड, आंबट, कडू एवढंच कळतं. मिरचीने घटकाभर पोळते आणि पुन्हा ताजी होते. तुम्ही खात जा की." हे मी पुस्तकात वाचलेलं होतंच, पण वाचलेलं असणं वेगळं आणि त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं. त्या दिवशी मी तिखट पुन्हा सुरू केलं असतं तर त्याचा अर्थ उघड होता. मग मी आणखी कडक झालो. मिरीसुद्धा सोडली.

आता त्या वाइनकडे येतो, कारण खरी जळफळ तिथून सुरू झाली.

आबांच्या बागेत झिनफंडेल नावाची काळी द्राक्षं होती. ही जात मोठी खट्याळ. एकाच घडात काही मणी हिरवे, काही पिकलेले आणि काही वेलीवरच वाळून मनुका झालेले. एका वर्षी हा प्रकार फारच झाला. मी म्हणालो, मनुका निवडून टाकू, कोवळी, रसाळ, लगेच पिण्यासारखी वाइन करू. झिनफंडेल त्यासाठीच असतं, असं मी शिकलो होतो. मॅडम म्हणाल्या, मनुका राहू द्या, साली जास्त दिवस रसात राहू द्या, शिराझ आणि कॅबरने या दुसऱ्या काळ्या द्राक्षांची वाइन मिसळून तिला कणा देऊ, आणि मग ठेवून देऊ. आबा शेतकरी माणूस. त्यांनी माल अर्धा अर्धा वाटून दिला. एकाच बागेची, एकाच वर्षाची, दोन वाइन तयार झाल्या. एक माझी, एक त्यांची.

बाटल्या भरल्यावर पहिली आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या, म्हणजे मांडे, आणि आमरस होतो. मॅडमही पिंपळनेरला आलेल्या होत्या. डब्यात मांडे घेऊन त्या वायनरीत आल्या आणि आबांच्या ओट्यावर आम्ही दोन्ही बाटल्या उघडल्या. माझी टपोऱ्या जांभळासारखी, हसरी, मोकळी. त्यांची काळीकुट्ट. आबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हाई वाईन शे का कडूनिंबना काढा?"

मॅडम जराही हलल्या नाहीत. "आबा, हाई आते रागमा शे. दोन-चार आखाजी थांबा. मंग ती बोलाले लागी."

माझी वाइन बाजारात गेली. नाशिक, पुण्याकडून चांगली पत्रं आली. जळगावच्या एका सराफाने लेकीच्या लग्नात पाहुण्यांना भेट म्हणून तीच दिली. त्यांची तळघरात आडवी पडून राहिली. ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुखाचं वर्ष.

मग आबांनी पायंडा पाडला. दर आखाजीला दोन्हींतली एकेक बाटली उघडायची. मला तो दिवस यायच्या आधीपासून धास्ती वाटायला लागली. दुसऱ्या आखाजीला माझी तशीच छान होती, त्यांची थोडी कमी रागावलेली. पुढच्या वर्षी दोघी जवळजवळ बरोबरीला. आणि मग माझी मागे सरकायला लागली. रंग फिका, वास दमलेला, जणू माझ्यासारखंच तिने एकेक गोष्ट सोडली होती. त्यांची मात्र उघडत गेली. दरवर्षी आत आणखी एक दार. मी पेल्यात नाक घालायचो आणि मनात म्हणायचो, या वर्षी तरी आंबट हो. ती होत नसे. मग मी मोठ्याने म्हणायचो, "छान चाललंय, मॅडम." एवढं वाक्य बोलायला मला जो त्रास व्हायचा, तो कुठल्या तपासणीत दिसला नसता.

एका उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळला. पारा पंचेचाळीसला टेकलेला, तळघरातली थंड हवा बंद. वाइनला उष्णता म्हणजे विष. दोन दिवस तळघर तापलं असतं तर सगळ्या बाटल्या शिजल्या असत्या. माझ्या वाइनच्या फार बाटल्या उरल्याच नव्हत्या. जे काही होतं ते मॅडमचं होतं. ही बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो "सुटलो." मग मी जीप काढली, साक्रीहून बर्फाच्या लाद्या आणल्या, मजुरांना घेऊन भिंतींना ओली गोणपाटं टांगली. मॅडम आणि मी बाटल्यांच्या ओळींमधून वाकून वाकून पाणी शिंपत होतो. त्या मध्येच म्हणाल्या, "भाऊ, तुमनासारखा मानूस नही." ज्या वाइनचं वाटोळं व्हावं असं मला वाटत होतं, तिच्यासाठीच मी घामाने निथळत होतो. लाइट आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

माझ्या निवृत्तीच्या आधीची आखाजी मात्र वेगळी होती. आबा थकले होते. मुलांना वायनरीत रस नव्हता. आबांनी सांगून टाकलं की यंदा त्या वाइनचा निकाल लावायचा. अजून चढती असेल तर वायनरीची सर्वांत वरची वाइन म्हणून मॅडमच्या नावानिशी बाजारात न्यायची. उतरायला लागली असेल तर सगळा साठा एका हॉटेलवाल्याला द्यायचा. तो त्यात फळं आणि सोडा घालून उन्हाळ्यात विकणार होता. आबा म्हणाले, "तुम्ही दोन्ही आत जा, चाखा आनी माले एकच सांगा. आज काय ते ठरी जाऊ दे." आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

आम्ही लॅबमध्ये गेलो. मॅडमनी दार लोटलं. पेल्यात वाइन ओतली, उचलली, खूप वेळ नाकाशी धरली आणि खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भाऊ, माले काहीच वास येत नही."

मला वाटलं वाइन बंद पडलीय. त्या म्हणाल्या, "वाइनचा नाही. कशाचाच नाही." मागच्या महिन्यात घरोघरी तापाची साथ होती, त्यात त्यांनाही ताप आला होता. ताप गेला आणि वास घेऊन गेला. फोडणी कळत नव्हती, कापूर कळत नव्हता, नातवाच्या डोक्याचा वास कळत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू, किंवा नाहीही येणार. आबांना, घरच्यांना, कोणालाच त्यांनी सांगितलं नव्हतं. "आते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल ते मी आबांना सांगते."

वाचकहो, इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो असा माझ्या पुढ्यात येऊन बसला. "उतरली, मॅडम" एवढे दोनच शब्द. तपासायला कोणी नव्हतं. संध्याकाळी हॉटेलवाल्याचा टेम्पो आला असता आणि या वायनरीत झिनफंडेलची एकच वाइन आठवणीत राहिली असती. माझी.

मी पेला उचलला. कडेचा रंग जुन्या विटेसारखा झालेला. नाक आत घातलं आणि आधी वाटलं, मी भुसावळच्या क्वार्टरमध्ये आहे. आई काळा मसाला भाजते आहे, दगडफूल आणि खोबरं, कुटायच्या आधीचं. त्यामागून पऱ्हाटीचा धूर आणि वांग्याची करपलेली साल. मग खारीक, वाळलेलं अंजीर. घोट घेतला. तो जुना तुरटपणा, ज्याला आबा काढा म्हणाले होते, गालांत धरून ठेवलेल्या सुपारीसारखा मऊ झाला होता. मी थुंकलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या थुंकदाणीचा राग आला. चव जायला तयारच नव्हती. जी जी गोष्ट मी या जिभेसाठी सोडली होती, ती ती या बाईंनी एका बाटलीत घालून ठेवली होती.

"काय लागस?" त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

खोटं बोलणं मला जमलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही, हे स्पष्ट सांगतो. समोर एवढं सगळं असताना 'उतरली' म्हणायचं म्हणजे माझ्या जिभेला काही कळत नाही असं मीच माझ्या तोंडाने म्हणायचं. तिच्यासाठी मी किती भरीत पार्ट्या दहीभातावर काढल्या होत्या. मी सांगायला सुरुवात केली. काळा मसाला, दगडफूल, धूर, करपलेलं वांगं, अंजीर. मी कितीतरी वेळ बोलत होतो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच "वांगं खालच्या बाजूनं करपलेलं का?" असं विचारत, मी पुन्हा वास घेई आणि हो म्हणे. शेवटी त्यांनी डोळे उघडले, ओले होते.

"भाऊ, आज माले तुमना हेवा वाटस."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. ऐकलं आणि मला काही सुखबिख झालं नाही. बिननाकाच्या देवरे मॅडमपेक्षा माझं नाक चांगलं, यात मी काय जिंकलो? मी पेला खाली ठेवला, दार उघडलं आणि ओट्यावर जाऊन आबांना सांगितलं, "आबा, अजून चढती आहे. मॅडमचं नाव मोठ्या अक्षरांत टाका." बाटलीच्या मागच्या बाजूचा मजकूर मी सांगितला तसाच छापला गेला. काळा मसाला, पऱ्हाटीचा धूर, भाजलेलं वांगं. ती ओळ वाचून लोक हसले आणि मग पिऊन पुन्हा पेला पुढे केला, असं पुष्कळ ठिकाणांहून कळलं. कौतुक अर्थातच मॅडमचं झालं. मी निवृत्त झालो.

यंदाच्या आखाजीला आबांनी मला मुद्दाम बोलावलं. मॅडम माहेरी आलेल्या. बाटली उघडली. त्यांनी पेला नाकाशी धरला आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिलो. वर्षभरात वास हळूहळू परत आला होता, पण या वाइनपाशी त्या पहिल्यांदाच येत होत्या.  त्या एकेक गोष्ट तपासल्यासारख्या मान हलवत राहिल्या. मसाला, बरोबर. धूर, बरोबर. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग त्या थांबल्या, पुन्हा वास घेतला आणि हसल्या. "भाऊ, एक गोष्ट ऱ्हाई गई तुमनी."

"कोणती?"

"मोहाची फुलं. वाळलेली. आमच्याकडे डोंगराच्या बाजूला उन्हाळ्यात अंगणात वाळत घालतात, तो वास. अगदी शेवटी येतो."

मी पेला ओढून घेतला. नाक घातलं, वाट बघितली. आणि अगदी शेवटी, धूर विरल्यावर, तो आला. जड, गोड, मधाच्या जवळचा. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मोहाची फुलं कोण वाळत घालणार? एकदा कळल्यावर दुसरं काही येईनाच, सगळा पेला त्यानेच भरलेला. लेबलं छापून झाली होती, बाटल्या गावोगाव पोहोचल्या होत्या. आणि ती जुनी, ओळखीची जळफळ पुन्हा उठली, इतकी जोरात की मला जवळजवळ आनंद झाला. मॅडम बऱ्या झाल्या होत्या.

त्यांनी डबा उघडला. मांडे बाजूला सारून भाकरी आणि ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "आते तर रिटायर झाले. खाई ल्या, भाऊ."

मी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात चांगला बुडवला आणि तोंडात टाकला. कान तापले, कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आबा हसायला लागले. मॅडम घाईने पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाल्या, "तिखं लागनं का?"

मी मान हलवून हो म्हणालो. डोळ्यांतलं पाणी ठेच्याचं किती आणि निसटलेल्या मोहाच्या फुलांचं किती, हे सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.